दुसऱ्या घरचा आकडा

मालवण
११ एप्रिल २०२६

प्रिय दीपेश,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. १४ जून २०२५ रोजी मी घरी बांधलेल्या कंपायलरचं पॅकेज आपल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या गटावर ठेवलं.
२. १६ जूनला तू गटावर लिहिलंस की ते कोणी वापरू नये.
३. त्याच दिवशी मी ते काढून टाकलं आणि गट सोडला.
४. ऑक्टोबरात चूक सापडली. चूक माझी होती.
५. जानेवारीत सगळं पहिल्यापासून पुन्हा बांधलं.
६. ४ फेब्रुवारीला बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा याच कंपायलरवर झाली. अठरा संगणक, एकतीस विद्यार्थी, दोन तुकड्या. एकही संगणक अडला नाही.
७. कॉलेजात संगणक हा विषय राहणार की जाणार, ते ३० एप्रिलला ठरेल.
८. १६ जूनपासून आजपर्यंत आपण बोललो नाही.

यादीत मतं घातलेली नाहीत. ईमेल केला असता तर तू दोन मिनिटांत उत्तर दिलं असतंस, आणि मला जे विचारायचं आहे ते दोन मिनिटांत उत्तर देण्यासारखं नाही. शिवाय कागदावर खोडलेलं दिसतं. आतापर्यंत मी एकच शब्द खोडला आहे, तो अगदी वरच्या ओळीत आहे, आणि तुला वाचता येणार नाही इतका नीट खोडला आहे.

तुला यातलं बरंच माहीत आहे, तरी पुन्हा लिहिते, कारण दहा महिन्यांत तुझ्या काय लक्षात राहिलं असेल ते मला गृहीत धरायचं नाही. मी शिकवते त्या कॉलेजचे अठरा संगणक देणगीत आलेले, सगळे विद्यार्थ्यांपेक्षा वयाने मोठे. त्यांच्यातला जुना कंपायलर नव्या पुस्तकातले प्रोग्रॅम घेत नाही. नवा कंपायलर इतक्या जुन्या प्रोसेसरसाठी आयता बांधलेला कुठे सहज मिळत नाही. सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमची मूळ लिहिलेली प्रत, मात्र मिळतो. जीसीसी या मुक्त कंपायलरचा सोर्स कोणीही घ्यावा, बांधावा, वाटावा. अट एवढीच की तयार प्रत ज्याला द्याल त्याला सोर्सही द्यायचा. पण तो बांधत बसायला कोणाला वेळ नाही. प्राचार्यांनी गेल्या मे महिन्यातच भंगारवाल्याला द्यायचं पत्र टाइप करून ठेवलं होतं, फक्त तारीख घालायची बाकी होती. संगणक गेले की विषय जातो. विषय गेला की ज्यांना शिकायचं आहे त्या मुलींनी कुडाळला जायचं, म्हणजे बहुतेकींनी जायचं नाही. लॅबचे शिपाई दाजी यंदा निवृत्त होतायत. ते पत्र झेरॉक्स करायला त्यांच्याच हातात दिलं होतं. लॅबमध्ये येऊन मला म्हणाले, "बाई, माका पेन्शन तरी गावतली. ह्येंका काय? भंगार." मग एका मॉनिटरवरची धूळ बाहीने पुसली आणि गेले. मी कंपायलर बांधायचं ठरवलं ते त्या दिवशी. तुला फोनवर मी याहून मोठं काहीतरी कारण सांगितलं होतं. खरं कारण ही बाही होती.

तू आमच्या पडवीत बसून जोडून दिलेला संगणक अजून तिथेच आहे. मम्मीने त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता, मी काढायचे, ती पुन्हा घालायची. मे महिन्यात मी त्याच्यावर बांधणी सुरू केली तेव्हा ती शेजारी कोकमं फोडत बसायची आणि दर तासाने विचारायची, "झाला काय गो तुझा?" दुसऱ्या दिवशी मी तिला समजावून सांगितलं. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देणारा प्रोग्रॅम, आणि तो स्वतःही एक प्रोग्रॅमच, म्हणून तो बांधायला आधी दुसरा कंपायलर लागतो. ती हात न थांबवता म्हणाली, "म्हणजे विरजण. धंय लावूक आदी धंय व्हया." मी तीन वर्षं मुलांना ही गोष्ट फळ्यावर बाण काढून शिकवतेय. तिने एका वाक्यात संपवली. मी तिला पुढचंही सांगितलं: पहिल्या फेरीत जुना कंपायलर नव्याला बांधतो, दुसऱ्या फेरीत नवा स्वतःलाच बांधतो, तिसऱ्या फेरीत पुन्हा एकदा, आणि दुसरी-तिसरी फेरी तंतोतंत जुळली तरच बांधणी पुरी. त्यावर ती म्हणाली, "तीनदा लावतंस तर आंबाट होतला." तिथे तिची उपमा संपत होती.

बांधणीला सलग बावन्न तास लागतात. गेल्या वर्षी मे अखेरीलाच पाऊस आला, वीज दिवसातून चार-पाच वेळा जात होती, आणि मी तुकड्यातुकड्यांनी काम पुढे नेत होते. पहिल्यांदा माझ्याकडून एक सेटिंग चुकलं, प्रत या पडवीतल्या प्रोसेसरपुरतीच बांधली जात होती. ते लक्षात आलं, सेटिंग बदललं, पुन्हा चालवलं, पूर्ण झालं. गटावर ठेवलं. पहिल्या दिवसात चाळीस जणांनी उतरवून घेतलं. त्या संध्याकाळी मी तुला फोन केला होता. तेव्हा आपण काय बोललो ते पुढे लिहीन.

दोन दिवसांनी तुझा निरोप आला. मला तो पाठ आहे. "सँड्रीनाची प्रत कोणी बसवू नका. जुन्या प्रोसेसरवर तिने बांधलेले प्रोग्रॅम कोसळतात. कारण माहीत नाही." गटात दोनशे बारा माणसं होती. तू मला फोन केला नाहीस, मेसेज केला नाहीस, आधी त्या दोनशे बारांना सांगितलंस. मी "ठीक." एवढं लिहिलं. पूर्णविरामासकट. प्राचार्यांपर्यंतही ते पोचलं. आपल्याकडे बातमीला नेट लागत नाही. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून शांतपणे सांगितलं, "मॅडम, हे शेवटी घरगुती आहे. उद्या परीक्षेत काही झालं तर जबाबदार कोण?" दाजी पाण्याचा ग्लास ठेवायला आले होते, त्यांना राहवलं नाही. "सायबांनू, घरगुती मसालो चलता, घरगुती लोणचां चलता, मगे ह्यां कित्या नाय?" प्राचार्य म्हणाले, "दाजी, लोणचं खाऊन कोण नापास होत नाही." दाजी म्हणाले, "आमच्या मेवणीचां खावन बगा." प्राचार्य हसले, आणि हसत असल्यामुळे विषय आणखी एक वर्ष राहिला. माझं ऐकून नव्हे, दाजींच्या मेव्हणीमुळे. ही गोष्ट मला तेव्हा लागली होती.

जूनचा शेवटचा रविवार, २९ तारीख. त्या दिवशी तू येणार होतास आणि आपण दोन्ही घरी सांगणार होतो. मी मम्मीला काही बोलले नव्हते. तिने सकाळी चर्चमधल्या मिस्सावरून आल्यावर वडे-सागोती केली, पाच माणसांची. आम्ही दोघी जेवलो. उरलेलं तिने शेजारी दिलं. या गोष्टीची नोंद वरच्या यादीत नाही, कारण त्या दिवशी काही घडलं नाही.

त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत त्या संगणकाचं एकच काम होतं, मम्मीच्या कोकमाच्या आगळाच्या बाटल्यांची लेबलं छापणं. ती लेबलाबाबत किती काटेकोर आहे ते तुला माहीत आहे. आत काय आहे, मीठ किती, कोणी केलं, कुठे केलं, कधी भरलं. तारीख संगणकातून आपोआप छापली जाते, ती सोय तूच करून दिली होतीस. दिवाळीच्या पर्यटकांसाठी तिने साठ बाटल्या भरल्या आणि बाजारातल्या राधाबाईंच्या दुकानात पोचवल्या. दुसऱ्या दिवशी राधाबाईंचा फोन. स्पीकरवर होता, मी शेजारी वह्या तपासत होते. "क्लारा, ह्यां आगळ दोन हजार दोनचां? तेवा माजी नात जल्माक येवक नव्हती गो! गिरायक माज्या तोंडार हसान गेला." मम्मीने लेबल बघितलं. एक जानेवारी दोन हजार दोन. साठही बाटल्यांवर. तिने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "तुझ्या मशिनीन आदी माका म्हातारी केल्यान, आता माजां आगळ म्हातारां केल्यान."

मी हसले नाही. मी पेन खाली ठेवलं आणि पडवीत गेले. बहुतेक तू आत्ता हे वाचतानाच थांबला असशील, कारण तुला कळलं असेल. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली होती. वीज गेली की संगणकाचं घड्याळ दर वेळी एक जानेवारी दोन हजार दोनवर जात होतं आणि नेट आलं की कधीतरी पुन्हा ठीक होत होतं. आणि बांधणी करणारा प्रोग्रॅम फक्त तारखा बघतो. सोर्स किंवा सेटिंगची फाइल नवी असेल तर तो तुकडा पुन्हा बांधतो, जुनी असेल तर आधीचाच ठेवतो. मी सेटिंग दुरुस्त केलं तेव्हा वीज नुकतीच जाऊन आलेली होती. माझ्या दुरुस्तीवर दोन हजार दोनची तारीख पडली. संगणकाच्या दृष्टीने माझी चूक नवी होती आणि दुरुस्ती तेवीस वर्षं जुनी. त्याने चूक जपून ठेवली. कंपायलर स्वतः दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत जुळला, पण सोबतच्या लायब्ररीतले, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमला जोडल्या जाणाऱ्या तयार भागांतले, निम्मे तुकडे पहिल्या, चुकीच्या सेटिंगचेच राहिले. पडवीतल्या प्रोसेसरवर ते चालायचे. कॉलेजच्या संगणकांवर नाही. म्हणजे मुलांचा प्रोग्रॅम बरोबर असला तरी चालवला की पडणार.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. मेमधल्या नोंदी मी जपून ठेवल्या होत्या. त्या काढल्या. त्यात सूचना आलेली होती, घड्याळात तफावत आहे, बांधणी अपुरी असू शकेल. एकदा नाही, अकरा वेळा. मी ती वाचली होती. वाचलेली मला आठवतेही. आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ मिस्स चुकू नये म्हणून वीस मिनिटं पुढे असतं, पडवीतलं बंद आहे, मम्मी वेळ विचारायला शेजारच्या एसटी कंडक्टरच्या बायकोला हाक मारते. चुकीच्या घड्याळांच्या घरात वाढलेल्या माणसाला ती सूचना आवाजासारखी वाटली, अर्थासारखी नाही. हे कारण आहे, समर्थन नाही.

बॅटरी मालवण बाजारातल्या घड्याळवाल्याकडे मिळाली. मम्मीने साठ बाटल्यांवर नवी लेबलं लावली, जुनी काढून. जुन्यावर नवं चिकटवायला तिने मला दिलं नाही. "झाकलां म्हणजे सुदारलां नाय," म्हणाली. मीही तेच केलं. आधीची बांधणी दुरुस्त करत बसले नाही, सगळं पुसलं. कोरडे दिवस धरले. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली आणि वीज एकदाही गेली नाही. बावन्न तास सोळा मिनिटं. या वेळी घरातच थांबले नाही. तोच सोर्स कॉलेजच्या अकरा नंबरच्या संगणकावरही बांधला, तिथे सुरुवातीला वेगळाच, जुना कंपायलर वापरून. फाइलींवर पडणारी तारीख आणि बांधायच्या फोल्डरचं नाव दोन्हीकडे ठरवून एकच ठेवलं, कारण ते दोन्ही प्रतीच्या पोटात जाऊन बसतात. मग दोन्ही पॅकेजांचे आकडे काढले. तुला सांगायला नको, पण मम्मीला सांगितलं तसं लिहिते. अख्ख्या पॅकेजवरून एक चौसष्ट अक्षरांचा आकडा निघतो आणि आत एक बिट जरी इकडचं तिकडे असलं तर तो आकडा ओळखीचाही राहत नाही. दोन्ही आकडे मी एकाखाली एक लिहिले आणि डावीकडून उजवीकडे बोट ठेवत वाचले. चौसष्ट जुळली. मग उजवीकडून डावीकडे वाचले. तेव्हाही चौसष्ट जुळली. मी लॅबमध्ये एकटी होते आणि टेबलावर हाताने एकदा आपटलं. एवढंच. पण जोरात आपटलं.

पॅकेजवर लेबल लिहायचं मी या वेळी मम्मीकडून शिकले. आत काय आहे, कुठल्या सोर्सपासून, कोणत्या सेटिंगने, कोणत्या प्रोसेसरवर चालून बघितलं आणि कोणत्यावर बघितलेलं नाही. शेवटचं वाक्य तिच्या लेबलांवर असतं, "उन्हात ठेवून पाहिलेले नाही." सोर्स सोबत जोडला आणि कृतीचा कागदही. राधाबाई तिला नेहमी बोलतात, की आगळाची कृती गिऱ्हाइकाला सांगतेस, उद्या कोण घेईल तुझ्याकडून? तिचं उत्तर ठरलेलं असतं, "सांगल्यान म्हणान आगळ आटणा नाय." परवान्यातल्या सोर्स द्यायच्या त्या कलमाचं याहून नेमकं मराठी मला अजून सापडलेलं नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी साडेसातला मी लॅब उघडली तर दाजी आधीच आत, नारळ घेऊन. दोन्ही तुकड्यांची मुलं दारात उभी. दाजींनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या अठरा कंप्युटरांक, आणि बाईंनी घराकडे केल्ल्या त्या कंपायलराक, खंयची बाधा, खंयची पीडा, वीज मंडळाचो कोप, काय एक होव नये रे म्हाराजा…" आणि एकतीस जणांनी एका सुरात "होय म्हाराजा!" मी भिंतीपाशी उभी राहून म्हटलं, हळू आवाजात. कोणी ऐकलं नाही अशी माझी समजूत होती. संचिता वळून बघून हसली. ती तुमच्या नांदगावच्या आतल्या वाडीवरून दोन गाड्या बदलून येते, घरी काजूची बाग आहे, आणि वर्गात सगळ्यांत जास्त प्रश्न तीच विचारते. कॉलेज उघडल्या दिवशी जूनमधली प्रत लॅबमध्ये कोसळली तेव्हा तिने मला विचारलं होतं, "मॅडम, चूक माझी की कंपायलरची?" मी शिकवायला लागल्यापासून मला विचारलेला हा सर्वांत वाईट प्रश्न. तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं.

परीक्षेत ती अकरा नंबरवर होती. प्रोग्रॅम लिहिला, चालवला, पडद्यावर उत्तर आलं, आणि परीक्षा चालू आहे हे विसरून ती ओरडली, "चलता!" बाह्य परीक्षक दचकले. ते फोंडाघाट उतरून आले होते आणि वळणांनी त्यांचा चेहरा अजून पिवळाच होता. "काय झालं?" म्हणाले. दाजी दारातून म्हणाले, "काय होवक नाय सायबांनू, ताच झाला." एकामागून एक अठरा पडदे. दुपारी दुसरी तुकडी, तीही तशीच. तिघांचे प्रोग्रॅम चुकले, पण ते त्यांचे स्वतःचे चुकले होते, आणि कंपायलरने प्रत्येकाला चूक कुठल्या ओळीत आहे ते बरोबर सांगितलं. मी घरी गेल्यावर मम्मीला सांगितलं तेव्हा मला शब्द जुळवावे लागले नाहीत. तिने सहा बाटल्या दाजींना पाठवल्या. मला तिने काही दिलं नाही, फक्त संगणकावरचा रुमाल धुवायला टाकला आणि परत घातला नाही.

त्या परीक्षेनंतर सात शाळांनी पॅकेज मागितलं. एक पिंगुळीची, दोन देवगडकडच्या. मी सगळ्यांना थांबा म्हटलं. प्राचार्यांनी भंगाराचं पत्र कपाटात परत ठेवलं, फाडलं नाही. ते म्हणाले, "मॅडम, यंदा झालं ते उत्तम झालं. पण हे तुमच्या एकटीच्या शब्दावर आहे. कुठेतरी मान्य नोंद दाखवा. तीस एप्रिलपर्यंत. मग मी पुढच्या वर्षीचे प्रवेश उघडतो." मला ते अन्यायाचं वाटलं नाही, आणि मी पूर्वीची असते तर वाटलं असतं. जुन्या संगणकांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर जमवणारा जो स्वयंसेवकांचा संग्रह आहे, ज्यातून आपण डिप्लोमाला असताना सगळं उतरवायचो, तिथे मी अर्ज केला. त्यांनी माझा कागद वाचून काही सुधारायला सांगितलं नाही. एकच अट सांगितली, जी ते सगळ्यांना सांगतात. आणखी एका माणसाने, वेगळ्या घरी, वेगळ्या संगणकावर, माझी प्रत न बघता तीच कृती करायची आणि आपला आकडा थेट त्यांना कळवायचा. आकडे जुळले तर पॅकेज संग्रहात. माझे घरचा आणि कॉलेजचा हे दोन आकडे त्यांनी एकच धरले, कारण हात एकच होते.

माणसं मिळाली. त्यांची मला कमतरता पडली नाही, हे तुला कळावं. बाह्य परीक्षक स्वतः म्हणाले, "मॅडम, मी डोळ्यांनी बघितलंय. आकडा सांगा, मी लिहून देतो." अत्यंत चांगला माणूस. देवगडच्या एका शिक्षकांनीही तसंच सांगितलं, तुमच्यावर विश्वास आहे, सही कुठे करायची ते दाखवा. गटातल्या एका जुन्या ओळखीच्याने तर माझा आकडा कुठूनतरी मिळवून तोच परत मला पाठवला, जुळला म्हणून अभिनंदन केलं. एकानेही बांधून बघितलं नाही. मी सगळ्यांचे आभार मानले आणि सगळ्यांना नाही म्हटलं. मम्मीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मगे त्या नांदगावच्याक सांग. तो तुका बरां वाटूक म्हणान खोटां बोलूचो नाय." दहा महिन्यांत तिने तुझा उल्लेख केला तो एवढाच. तुझं नाव तेव्हाही घेतलं नाही.

आता १४ जूनची संध्याकाळ. फोनवर तू मला एकच प्रश्न विचारला होतास: कॉलेजच्या मशीनवर चालवून बघितलंस का? मी म्हटलं, हो. मी बघितलं नव्हतं. कॉलेज बंद होतं, किल्ली दाजींकडे होती, पाऊस होता, आणि माझ्याकडे चाललं म्हणजे तिथे चालणारच अशी माझी खात्री होती. तू विचारलंस, मी हो म्हटलं, तू मानलंस, दोन दिवसांनी तुझ्या हातात ते कोसळलं. मला फोन करून तू पुन्हा काय विचारणार होतास? चार महिने मी मनात तुझ्याकडून एका फोनचा हिशेब मागत होते, आणि त्या फोनवर जे विचारायचं ते तू आधीच विचारलेलं होतंस. तू गटावर लिहिलेली तिन्ही वाक्यं खरी होती. तिसऱ्यात तर तू मला वाचवलं होतंस, "कारण माहीत नाही" असं लिहून. कारण तुला निदान एक कारण माहीत होतं, मी चालवून बघितलं नव्हतं हे. हे मला ऑक्टोबरातच कळलं. तेव्हाच कळवायला हवं होतं. त्या 'हो'नंतरची चूक क्रमांक दोन.

तर माझी विनंती अशी. सोबत कृतीचा कागद जोडला आहे, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. सोर्स मूळ ठिकाणाहून तूच उतरव, माझ्याकडचा घेऊ नकोस. सुरुवातीचा कंपायलर तुझ्या आवडीचा घे, वेगळा असेल तितकं चांगलं. तुझ्या संगणकावर तीन तासांत होईल. माझा आकडा या पत्रात नाही, कागदावरही नाही, आणि तुझं काम होईपर्यंत मी तो तुला सांगणार नाही. तुझा आकडा आधी त्यांना कळव, नंतर मला. जुळला नाही तर तसंच लिही, गटावर लिहिलंस तरी चालेल, दोनशे बारांसमोर. मी गटात परत आले आहे. विषय जाईल, आणि मी जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून बांधेन. पण तू चालतं म्हणालास तर ते चालतं, एवढं मला तुझ्याबद्दल माहीत आहे, आणि माझ्याबद्दल तुला तेवढंच माहीत व्हावं म्हणून हे सगळं लिहिलं. दुसऱ्या गोष्टीबद्दल, म्हणजे ज्याची यादीत नोंद नाही त्याबद्दल, वेगळं लिही किंवा लिहू नकोस. त्याला मुदत नाही. आकड्याला आहे. शनिवार, २५ एप्रिलपर्यंत उत्तर पाठव.

अजूनही तुझी,
सँड्रीना